पिवळ्या ठिपक्याची चाकं

कानसेनने सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवरच्या पोत्यावर टेकवलं आणि मागच्या चाकाला हाताने एक झटका दिला. चाक फिरू लागलं. त्याने मान तिरकी करून उजवा कान तारांपासून वीतभर अंतरावर नेला आणि डोळे मिटले. तो असा कान लावून बसला की दुकानातली माणसं आपोआप गप्प होत. नर्सही गप्प राहिली. चाक मंदावत मंदावत थांबलं.

“आवाज नाही,” तो म्हणाला.

“आहे.”

“सिस्टर, हे चाक मी बांधलंय. माझ्या चाकाला आवाज नसतो.”

“मग ते फक्त माझ्याशीच बोलत असेल,” नर्स म्हणाली. “तिसऱ्यांदा आलेय मी, काका.”

ते खरं होतं. पहिल्या खेपेला त्याने फ्रीव्हीलमध्ये तेल सोडून सायकल परत दिली होती. दुसऱ्या खेपेला चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, उघडून आतले छर्रे बदलले होते, तेही तिचं समाधान व्हावं म्हणून. जुन्या छर्ऱ्यांत काही खोट नव्हती. दोन्ही वेळा त्याने कान लावला होता आणि दोन्ही वेळा चाक मुकं होतं.

ती घरोघर जाऊन बाळंतिणींना तपासणारी नर्स होती. सायकलच्या कॅरिअरला बाळाचं वजन करायचा काटा कापडात गुंडाळून बांधलेला असायचा. आज तिने पिशवीतून एक छोटी वही काढली, जशी ती एखाद्या तापाच्या नोंदीसाठी काढत असेल तशीच.

“लिहून आणलंय. पायडल मारायचं थांबवलं तरी आवाज येतो. सायकल हातात धरून चालत नेली तर येत नाही. मी बसले की येतो. काटा बांधला की वाढतो. सपाट रस्त्यावर टक्, मग जरा थांबून टक्. उतारावर टकटकटक, शिवणयंत्रासारखा.”

कानसेनने मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. पायडल थांबवूनही येतो, म्हणजे चेन आणि पायडल दोन्ही संशयातून सुटली. वजनाखालीच येतो आणि वेगाबरोबर वाढतो, म्हणजे चाक. अर्धं निदान बाईने स्वतःच करून आणलं होतं. अडचण एवढीच होती की ते चाक त्याचं होतं.

“उद्या सात घरं आहेत,” तिने वही मिटली. “त्यातली तीन टेकडीवर, आणि एका घरी जुळी. आज काय तो निकाल लावा. नाहीतर मी मोठ्या दुकानात जाऊन तयार चाक बसवून घेते.”

तयार चाक, म्हणजे कारखान्यातून बांधून आलेलं. तीस वर्षांत कानसेनचं चाक काढून कुणी तयार चाक बसवलं नव्हतं. त्याने हातातलं फडकं घडी घालून स्टुलावर ठेवलं.

“निकाल आजच लागेल,” तो म्हणाला.

त्याचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चाकाच्या तारा बाकीचे मेकॅनिक मापाचं यंत्र लावून आवळत. हा नखाने तार छेडायचा, सूर ऐकायचा आणि छोट्या चावीने पाव आटा इकडे, अर्धा आटा तिकडे करत छत्तीस तारा एका सुरात आणायचा. म्हणून कानसेन. बांधून झालेल्या चाकाच्या हबवर तो रंगाचा एक ठिपका द्यायचा, दर वर्षी वेगळा रंग. गेल्या वर्षी निळा होता, यंदा पिवळा. नर्सच्या चाकावर पिवळा होता. हल्ली त्याची एकच तक्रार असे: नव्या तारांत दम नाही. पूर्वीसारख्या खणखणत नाहीत, प्रत्येकीला अर्धा आटा जास्त द्यावा लागतो. माल आणणाऱ्या माणसाला त्याने ते दोनदा सुनावलंही होतं.

तो सायकल सरळ करत असताना नर्सने वळून मागे पाहिलं. म्हणून त्यानेही पाहिलं. दुकान आणि घर यांच्यामधल्या दारात त्याची बायको उभी होती, एका हाताने पडदा धरून, ओठ आवळून. त्याची नजर गेली तशी ती आत वळली. पडदा हलत राहिला.

“काकू काहीतरी विचारत होत्या,” नर्स म्हणाली. “दोनदा विचारलं त्यांनी.”

“ती विचारतच असते.”

नर्स हसली नाही. तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि कॅरिअरवरचा काटा सोडायला लागली.

वजनाखाली आवाज येतो, तर वजन टाकून बघायचं. कानसेन कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसला. नर्सने दोन पायडल मारली, सायकल झोकांडली, सावरली आणि गल्लीतून निघाली. त्याने सीटखालचा दांडा धरला आणि अंग जितकं वाकेल तितकं वाकवून कान चाकाकडे नेला.

समोरच्या लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली.

“कानसेन! सहल कुठवर?”

कानसेनने हात उडवला. सायकल गल्लीच्या टोकाला जाऊन वळली. टायर रस्त्यावर घासल्याची सरसर त्याला ऐकू येत होती. नर्सचा श्वास ऐकू येत होता. बाकी काही नव्हतं.

“हे बघा, आला,” नर्स पुढून म्हणाली. “हा. हा. हा बघा.”

त्याने श्वास रोखून ऐकलं. काही नव्हतंच. सायकल परत लाँड्रीसमोर आली. लाँड्रीच्या पायरीवर एक तांबडं कुत्रं नेहमीसारखं हातपाय ताणून झोपलं होतं. कानसेनची नजर सहज त्याच्यावर गेली आणि तिथेच राहिली. कुत्र्याचे डोळे मिटलेले होते. पण त्याचा वरचा कान हलत होता. हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा, माशी हाकलावी तसा. माशी नव्हती.

कानसेनने खाली पाहिलं. तारांत अडकवलेला लाल रिफ्लेक्टर फिरत होता. तो खाली आला की कान हलत होता. वर गेला की कान स्वस्थ. एका फेऱ्याला एकदा.

“थांबा,” तो म्हणाला आणि सायकल पुरती थांबायच्या आतच उतरला. “सिस्टर, काटा बांधा आणि एकटीने एक चक्कर मारा. अगदी हळू.”

ती गेली आणि आली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून कुत्र्याकडे पाहत होता. सायकल दहा पावलांवर आली आणि कान हलू लागला. नर्सने ब्रेक दाबला. कान थांबला.

“काय बघताय एवढं?” लाँड्रीवाल्याने विचारलं.

“तुझ्या कुत्र्याचे कान चांगले आहेत.”

“माझं नाही ते. फक्त झोपायला येतं.” लाँड्रीवाल्याने इस्त्री पुन्हा उचलली. “पण सिस्टर, तुमच्या सायकलचा टकटकाट भारी हं. रोज सकाळी मला कळतं, तुम्ही निघालात म्हणून.”

कानसेन वळून दुकानात गेला.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर, खिळ्याला, एक चाक टांगलेलं होतं. त्याने बांधलेल्या चाकांपैकी मनाजोगं जमलेलं पहिलं. म्हणून ते त्याने कधी विकलं नाही. पहिली काही वर्षं तो नवं चाक बांधून झालं की उठून याची तार छेडायचा, सूर ताडून बघायचा. मग सूर कानात पक्का बसला आणि उठायची गरज संपली. चाकावर धूळ साचली होती.

त्याने एक तार छेडली. बद्द वाजली.

धुळीमुळे असेल. त्याने फडक्याने पाच-सहा तारा नीट पुसल्या आणि पुन्हा छेडल्या. प्रत्येक तार तशीच, ओल्या दोरीसारखी बद्द. मग त्याने शेजारशेजारच्या दोन तारा चिमटीत धरून दाबल्या. त्या जेवढ्या दबायला हव्यात तेवढ्याच दबल्या, ना कमी ना जास्त. हाताला ते चाक बरोबर होतं.

तो नर्सच्या सायकलपाशी आला, वाकला आणि तिच्या चाकाची तार छेडली. स्वच्छ, खणखणीत, त्याला हवा तसा सूर. मग चिमटीत धरून दाबली. ती दबली नाही. लोखंडी गज दाबावा तसं झालं. त्याने दुसरी जोडी दाबली, तिसरी, चौथी. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली.

टांगलेलं चाक सैल झालेलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं खिळ्यावर असलेल्या चाकाला सैल व्हायचं कारण नसतं. आणि नव्या तारा वाईट नव्हत्या. सूर बदलला होता, पण तो ना त्या चाकात ना या चाकात. मग दुकानात उरलं होतं एकच.

कानसेन स्टुलावर बसला. नर्स दारात उभी होती. तिने घाई केली नाही. बहुतेक तिला अशा वेळी उभं राहायची सवय होती. तो जेमतेम मिनिटभर बसला असेल. मग उठला आणि पाना घेतला.

मागचं चाक काढलं. टायर आणि ट्यूब उतरवली. रिम साबणाच्या पाण्याने धुतली, कोरडी केली. बाटलीत रॉकेल होतं. त्यात चिंधी बुडवून त्याने छत्तीसच्या छत्तीस भोकांभोवती, जिथे तारा रिमला घट्ट धरतात तिथे, रॉकेल लावलं. 

“हे कशासाठी?” नर्सने विचारलं. ती समोर येऊन बसली होती.

“धातूला चीर गेली असेल तर रॉकेल आत शिरतं. वरून पुसलं तरी आतलं राहतं. वर खडू फासला की ते खडूवर उमटतं.”

दहा मिनिटांनी त्याने रिम पुसून कोरडी केली. दाराबाहेरच्या पाटीखाली खडू असायचा, दुकान बंद-उघडं लिहायला. तो आणून त्याने रिमवर आडवा घासला, सगळी रिम पांढरी होईपर्यंत. मग दोघंही बघत बसले.

व्हॉल्व्हच्या भोकापासून सातव्या भोकाशी खडूवर एक करडी रेघ उमटली, केसाएवढी. ती हळूहळू लांब झाली, तांदळाच्या दाण्याएवढी. मग अकराव्या भोकाशी दुसरी. पंधराव्याशी तिसरी उमटायला जरा वेळ लागला. कानसेनने पहिल्या रेघेवरून नख फिरवलं. नख अडलं.

“सिस्टर,” तो म्हणाला, “आवाज आहे.”

“शेवटी ऐकू आला?”

“नाही.” त्याने खडूचे हात पँटला पुसले. “पण आहे. तुम्ही बसलात की ही मोठी चीर उघडते आणि चाक पुढे गेलं की मिटते. त्याचा टक्. तारा हव्यात त्यापेक्षा जास्त आवळल्या गेल्यात, त्यांनी रिम खेचून फाडलीय. टेकडीच्या उतारावर, काटा घेऊन, एखाद्या दिवशी...” त्याने रिम खाली ठेवली. “आवळल्या मी. चूक माझी आहे. दोनदा तुम्ही सांगत आलात आणि दोनदा मी तुम्हाला परत पाठवलं.”

नर्सने रिमवरच्या तीन रेघांकडे पाहिलं. पहिल्यांदाच ती थोडी घाबरलेली दिसली, आणि मग चिडलेली.

“तिसऱ्यांदा आले नसते तर?” ती म्हणाली.



“रिम बदलायची,” तो म्हणाला. “तारा उतरवून चाक पहिल्यापासून बांधायचं.”

“बांधणार कोण?”

प्रश्न सरळ होता. त्याने तो सरळच घेतला.

“बांधेन मी. ऐकणार मी नाही. उद्यापुरती आमच्या हिची सायकल घेऊन जा, तिचं चाक निळ्या ठिपक्याचं आहे, काळजी नको. उद्या संध्याकाळी येऊन हे बघा. पटलं नाही तर मोठ्या दुकानात मी स्वतः तुमच्याबरोबर येतो आणि तयार चाक माझ्या हाताने बसवून देतो.”

नर्सने रिमवरच्या रेघा पुन्हा एकदा पाहिल्या. मग काटा उचलून तिने काकूंच्या सायकलच्या कॅरिअरला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. निघताना पुन्हा त्याच्या समोर येऊन थांबली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “दवाखान्यात मंगळवारी कान तपासतात. सकाळी नऊला. मी नाव लिहून ठेवते.”

“ठेवा,” कानसेन म्हणाला.

ती गेल्यावर त्याने पडदा बाजूला केला. बायको आत डाळ निवडत होती.

“यंदाची लेबलं काढ.”

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सायकलला ती पुठ्ठ्याचं लेबल बांधायची, त्यावर नाव, पत्ता, फोन आणि काम. सायकल गेली की लेबल एका तारेत ओवून ठेवायची. तो या व्यवस्थेची आजवर चेष्टाच करत आला होता. तिने तार आणून त्याच्यासमोर धरली.

“कुठली लेबलं? माझ्यावर नंतर डाफरू नका.”

“चाक बांधायला आलेली. पिवळ्या ठिपक्याची.”

तिने लेबलं सरकवत सरकवत मोजली. सतरा.

“सगळ्यांना फोन कर. म्हणावं, सायकल चालवू नका, हातात धरून आणून द्या. ज्यांना जमत नसेल त्यांच्याकडे मी जाईन.”

“झालं काय एवढं?”

“माझे कान गेलेत,” तो म्हणाला. “सगळे नाही. थोडे. बारीक आवाज कळत नाहीत. म्हणून मी तारा आवळतच गेलो.”

ती तार हातात तशीच धरून उभी राहिली.

“कधीपासून?”

“पिवळ्या ठिपक्यापासून म्हणजे वर्ष झालं असेल.”

“वर्ष,” ती म्हणाली. तिने दाराकडे पाहिलं, पडद्याकडे. “आणि मला वाटत होतं...”

 तिने चष्मा लावला, पहिलं लेबल उलटं करून फोन उचलला. “हॅलो. मी सायकलवाल्या कानसेनच्या घरून बोलतेय. नाही, नाही, तुमचं काम झालेलंच आहे. पण ऐका.”

कानसेनने बाहेर जाऊन पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘यंदा इथे बांधलेल्या, हबवर पिवळा ठिपका असलेल्या चाकावर बसू नका. ताबडतोब आणून दाखवा. चाकात दोष आहे.’ थोडं मागे सरकून त्याने ते वाचलं. शेवटचं वाक्य पुसलं आणि त्या जागी लिहिलं: ‘बांधण्यात दोष आहे.’

लाँड्रीवाल्याने रस्ता ओलांडून येऊन ते वाचलं.

“डोकं ठिकाणावर आहे ना? हे गिऱ्हाइकांनी वाचलं म्हणजे?”

“वाचावं म्हणूनच लिहिलंय.”

“आणि मग तुला कानसेन म्हणायचं की नाही?”

“तू म्हण,” कानसेन म्हणाला. “पण जरा मोठ्याने.”

दिवेलागणीपर्यंत सतरापैकी अकराजण फोनवर भेटले. चौघं सायकली ठेवून गेले. दोन रिमांवर खडूने रेघ दाखवली, दोन अजून धड होत्या. बाकीच्यांचे पत्ते एका कागदावर उतरवून झाले. उद्या उजाडताच निघायचं होतं. मग त्याने खिळ्यावरचं चाक खाली उतरवून बाकावर ठेवलं, शेजारी नर्सचं चाक घेतलं, नवी रिम, जुना हब, छत्तीस नव्या तारा. तारा ओवून झाल्यावर त्याने बायकोला हाक मारली आणि स्टूल पुढे सरकवलं.

“बस. या चाकाची तार छेडायची, मग या. दोन्हींत फरक काय ते सांगायचं.”

“मी? मला सूर आणि शिट्टी यातला फरक कळत नाही म्हणून गावभर सांगत होतात ना?”

“सांगत होतो.”

“मग?”

“तारेला विचार, मला कशाला विचारतेस?”

तिने पदराला हात पुसला आणि नखाने तार छेडली. जुन्या चाकाची, मग नव्याची. पुन्हा जुन्याची.

“ही रडकी आहे,” ती म्हणाली.

“रडकी म्हणजे?”

“म्हणजे रडकी. हिला आवळा.”

त्याने पाव आटा दिला. तिने छेडली.

“अजून थोडी. हं. आता शहाणी झाली.”

पुढची तार रडकी निघाली, तिच्यापुढची आगाऊ. आगाऊ म्हणजे सैल करायची, हे त्याला दोन तारांनंतर कळलं. तो प्रत्येक वेळी चिमटीत दाबून बघत होता, आणि प्रत्येक वेळी तिचा कान आणि त्याची बोटं एकच सांगत होती. बावीस तारांपर्यंत ते असे पोहोचले. तेविसाव्या तारेच्या टोकाची टोपी, निपल, आट्यावर नीट चढेना, म्हणून त्याने ती काढली, तेलाचा थेंब सोडला आणि चाकावर खाली मान घालून पुन्हा चढवू लागला. बायको कधी उठून गेली ते त्याला कळलं नाही.

चाकापलीकडे, जमिनीवर, त्याला तिच्या चपला दिसल्या. त्याने वर पाहिलं. मधे ठेवलेल्या चार सायकली आणि रॉकेलची बाटली ओलांडून ती बाकाच्या पुढच्या बाजूला आली होती, तिथे, जिथे दिव्याचा उजेड तोंडावर पडतो आणि ओठ दिसतात.

“चहा ठेवू का?” तिने विचारलं. आवाज तिने चढवला नव्हता.

तिच्या मागे, घराच्या दारातला पडदा अजून हलत होता.

“ठेव,” तो म्हणाला.